वास त्यांच्या घराचा, हात आमच्या पोरांचे

गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या एका पेठेतल्या जुन्या वाड्यात एक निवृत्त गृहस्थ वारले. वय ७८. पत्नी आधीच गेलेली, मुलगा अमेरिकेत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. ते गेल्याचं कळायला सहा दिवस लागले. कळलं तेही कुणी चौकशी केली म्हणून नाही. खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर तपकिरी डाग उमटला आणि जिन्यात उभं राहवेना, तेव्हा लोकांना आजोबांची आठवण झाली.

पोलीस आले, दार तोडलं, पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, देह शवविच्छेदनाला गेला. इथपर्यंतचं सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. देह शववाहिकेत चढला की हे कलम संपतं. मागे खोलीत जे उरतं, गादीत, फळ्यांत, भिंतीत मुरलेलं, ते कुणी काढायचं? कायदा तिथे गप्प आहे. आणि या देशात कायदा जिथे गप्प बसतो तिथे जात बोलते.

मुलाने तिकडून फोनवर सांगितलं, पैसे लागतील तेवढे देतो, प्रोफेशनल माणसं बोलवा. दोन-तीन नावाजलेल्या क्लीनिंगवाल्यांनी "असलं काम आम्ही करत नाही" म्हणून फोन ठेवला. शेवटी एका ठेकेदाराने २८ हजारांत काम घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पोरं पाठवली. एक आमच्या वस्तीतला बौद्ध, वय २४, बी.कॉम. झालेला, दुसरा वाल्मीकी समाजाचा. दोघांची मजुरी प्रत्येकी १२०० रुपये. सोबत दोन कापडी मास्क, भांडी घासायचे रबरी हातमोजे, फिनाईलचा कॅन, फरशी धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर. ठेकेदाराने फोनवर सूचना दिली, "सगळं एकत्र टाका, वास मरेल."

पोरांनी खिडक्या बंद ठेवल्या होत्या. शेजाऱ्यांनीच तसं बजावलं होतं, वास बाहेर येऊ नये म्हणून. बंद खोलीत ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओतलं की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. रात्री अकराला आमच्या पोराच्या आईचा फोन आला, "ताई, पोराला धाप लागलीय, डोळे उघडेनात." ती रात्र आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काढली. पोरगा वाचला. पण आजही जिना चढताना त्याला मध्ये थांबावं लागतं.

दुसऱ्या पोराने मला एवढंच सांगितलं, "ताई, दुपारी पाणी मागितलं तर वरून बाटली खाली सोडली. म्हणाले, नळाला हात लावू नका, बाटली परत देऊ नका." त्याच संध्याकाळी वाड्यात गोमूत्र शिंपडलं गेलं.

विटाळ आणि विषाणू

मित्रांनो, या गोष्टीत दोन वेगवेगळ्या भीती एकत्र कालवलेल्या आहेत. एक विटाळाची, दुसरी रोगाची. वाड्यातल्या लोकांना वाटतं की आपण रोगाला भितो. पण रोगाला भिणारा माणूस गोमूत्र शिंपडत नाही आणि काम करून दमलेल्या पोराला नळापासून लांब ठेवत नाही.

रोगाचं शास्त्र साधं आहे. नुसत्या मृतदेहामुळे साथ पसरते हा समज जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तींच्या संदर्भात अनेकदा खोडून काढला आहे. धोका आहे तो प्रत्यक्ष रक्त आणि शरीरातले द्रव हाताळणाऱ्याला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे धोका जिन्यातून नाक दाबून जाणाऱ्याला जवळजवळ नाही. जो गुडघ्यावर बसून फळी खरवडतो त्याला आहे. गंमत बघा, ज्याला धोका नाही तो गोमूत्राने शुद्ध होतो, आणि ज्याला खरा धोका आहे त्याला कापडी मास्क मिळतो.

हे काम नीट कसं करतात तेही समजून घ्या, कारण "झाडूपोछा तर आहे" असं म्हणणाऱ्यांचं तोंड बंद करायला ते माहीत हवं. आधी हवा खेळती करायची. नाकातोंडाला नीट बसणारा, वायू आणि कण दोन्ही अडवणारा मास्क, डोळ्यांना गॉगल, अंगभर सूट, दुहेरी हातमोजे. गादी, उशी, गोधडी, पडदे अशा शोषून घेणाऱ्या वस्तू वाचवायच्या नाहीत, बांधून वेगळ्या न्यायच्या. मग डिटर्जंटने किंवा एन्झाइमच्या क्लीनरने सगळी सेंद्रिय घाण आधी काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपून जातं. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचं ताजं द्रावण लावून किमान दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया कधीही, काहीही झालं तरी, मिसळायचं नाही.

जुन्या घरात काम आणखी अवघड. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये टाइल धुतली की बरंचसं भागतं. वाड्यात सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, वर मातीचा थर आणि फरशी. चुन्याचा गिलावा. हे सगळं द्रव पितं. वरून कितीही पुसा, पावसाळ्यात दमट हवा झाली की वास परत येतो. तिथे फरशी उचलावी लागते, माती काढावी लागते, फळी कापून बदलावी लागते, उरलेल्या लाकडाला सील मारावं लागतं. कुठली तुळई भार घेते आणि कुठली फळी काढली तरी चालेल हे कळावं लागतं. म्हणजे या कामाला रसायनशास्त्र लागतं, सुतारकाम लागतं, बांधकामाची जाण लागते. हे कुशल काम आहे. पण मजुरी ठरताना ते "घाण काम" होतं, आणि घाण कामाचा दर कामगाराच्या जातीकडे बघून ठरतो.

वतन संपलं, वहिवाट राहिली

आपल्या आज्या-पणज्यांना विचारा महारकी म्हणजे काय. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, सरणाला लाकडं पोचवायची, मेलेलं ढोर ओढायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, कारण त्यांना दिसत होतं की जमिनीच्या चतकोर तुकड्याच्या आमिषाने एका अख्ख्या समाजाला चोवीस तासांचा वेठबिगार केलं आहे. कनिष्ठ गावकामगार वतनं मुंबई राज्यात रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. कागदावरचं वतन गेलं. पण "मेल्याच्या मागचं आवरायला त्यांना बोलवा" ही वहिवाट गेली का? गावची वेस गेली, तिच्या जागी ठेकेदाराचा मोबाईल आला.

ज्यांना वाटतं की शहरात जात उरली नाही, त्यांनी केंद्र सरकारनेच संसदेत दिलेले आकडे बघावेत. नमस्ते योजनेत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी झाली. २०२४ च्या अखेरीस पडताळणी झालेल्या ५४ हजारांहून अधिक कामगारांत सुमारे ६८ टक्के अनुसूचित जातींचे होते. खुल्या प्रवर्गातले सुमारे ८ टक्के. मृत्यूनंतरच्या सफाईची कुठे नोंदच नाही. नोंद झाली तर आकडा वेगळा येईल असं कुणाला वाटतं का?

बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली मांडलेला मुद्दा इथे शब्दशः लागू पडतो: जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आमचा बी.कॉम. झालेला पोरगा कौशल्य असल्यामुळे तिथे पोचला नाही. ठेकेदाराने कामगार शोधायला जाहिरात दिली नव्हती. त्याने वस्तीतल्या मुकादमाला फोन केला. वाड्यातल्याच एखाद्या बेकार पदवीधराला त्याने का विचारलं नाही? कारण हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही. प्रश्न डोक्यात न येणं यालाच जातव्यवस्था म्हणतात.

समाजशास्त्र शिकताना एव्हरेट ह्यूज या अमेरिकन अभ्यासकाचा १९६२ चा लेख वाचला होता. सभ्य लोक घाणेरडं काम दुसऱ्यांवर सोपवतात आणि ते कसं होतं याची माहितीच नको असते, असा त्याचा रोख होता. तो नाझी जर्मनीबद्दल लिहीत होता. आपल्याकडे फरक इतकाच की काम कुणाला सोपवायचं याची यादी जन्माआधीच तयार असते.

कंपनी आली म्हणजे जात गेली?

आता काही मित्र म्हणतील, उपाय सोपा आहे, परदेशासारख्या प्रोफेशनल कंपन्या येऊ द्या. परदेशाकडे बघूच.

जपानमध्ये एकाकी मृत्यूला 'कोदोकुशी' असा शब्दच आहे. तिथल्या पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकटी राहणारी ७६,०२० माणसं घरी वारली, त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक ६५ वर्षांवरची. २१ हजारांहून अधिक जण तर आठ किंवा अधिक दिवसांनी सापडले. ही घरं साफ करणाऱ्या खास कंपन्या तिथे आहेत. पण त्याच जपानात मृतदेह आणि कातड्याचं काम शतकानुशतकं बुराकू लोकांवर लादलेलं होतं. कायद्याने त्यांचा हीन दर्जा १८७१ मध्ये रद्द झाला, तरी लग्न आणि नोकरीत भेदभाव टिकला, म्हणून १९२२ मध्ये त्यांना सुइहेशा ही स्वतःची संघटना काढावी लागली. २००८ च्या 'ओकुरिबितो' या सिनेमाला ऑस्कर मिळालं. त्यात अंत्यसंस्कारासाठी प्रेत तयार करणाऱ्या नायकाला त्याची स्वतःची बायको अमंगळ म्हणून झिडकारते. गणवेश आला, मशीन आलं, तरी विटाळ आपोआप जात नाही. त्याच्याशी वेगळं लढावं लागतं.

अमेरिकेत काय आहे? तिथे १९९१ पासून रक्तातून पसरणाऱ्या रोगांबाबत कामगार सुरक्षेचं मानक आहे. मालकाने स्वतःच्या खर्चाने प्रशिक्षण द्यायचं, संरक्षक साधनं द्यायची, हिपॅटायटिस बीची लस फुकट द्यायची. ही सक्ती आहे, दानधर्म नाही. आपल्याकडेही २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत असा कचरा हाताळणाऱ्यांचं हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासाठी लसीकरण करायला सांगितलं आहे. पण ते नियम दवाखाने डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते कोण पोचवणार? मैला उचलण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, गटारात मेलेल्यांना ३० लाखांची भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आमचा पोरगा ना मैल्यात उतरला होता ना गटारात. त्याच्या फुफ्फुसाला कुठल्याच कायद्यात खाना नाही.

म्हणून नुसती कंपनी आणून काही होत नाही. २८ हजारांतून २४०० गेल्यावर उरलेले २५ हजार ६०० कुठे गेले हे ज्या बाजारात कुणी विचारत नाही, तिथे 'प्रोफेशनल' हा शब्द फक्त बिलावर असतो.

आता आपल्या माणसांशी

हा लेख लिहायचं खरं कारण पुढे आहे. पोरगा दवाखान्यात असताना आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मदतीचं आवाहन टाकलं. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने लिहिलं, "बाबासाहेबांनी असली कामं सोडायला सांगितली होती. हा गेलाच कशाला?" खाली चौदा जणांनी अंगठे दिले.

दादा, तुमचा मान ठेवून बोलते. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं, मृतमांस खाणं सोडायला सांगितलं, कारण ते काम जन्माने बांधलेलं होतं, नाकारायची सोय नव्हती, आणि त्यातून माणूसपण जात होतं. त्यांनी पोटाला चिमटा बसेल हे माहीत असूनही सांगितलं, आणि त्यासोबत शिक्षण, नोकऱ्या, वसतिगृहं, राखीव जागा यांसाठी आयुष्य झिजवलं. आपण पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा विसरलो. बी.कॉम. पोराला १२०० रुपयांसाठी त्या खोलीत जावं लागतं, याची लाज त्याला वाटायला हवी की आपल्याला? आणि त्याच्यासोबत जो वाल्मीकी पोरगा होता, त्याच्याबद्दल ग्रुपवर एका शब्दाने कुणी विचारलं नाही. आम्ही सोडलं, आता ते करतात, आमचा प्रश्न मिटला. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. आपण एक पायरी वर चढलो आणि शिडी तशीच उभी ठेवली.

दुसऱ्या टोकाला एक गोड सापळाही आहे. "सेवेचं काम आहे, पवित्र काम आहे" म्हणणारे. गांधीजींनी भंगीकामाचं असंच उदात्तीकरण केलं आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या त्यांच्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात त्याची सालं काढली: एखादं काम थोर असेल तर ते फक्त अस्पृश्यांसाठीच थोर कसं? हा प्रश्न आजही खिशात ठेवा. कुणी तुम्हाला सफाईचं अध्यात्म सांगायला लागलं की त्यांच्या मुलाची शिफ्ट कधी आहे ते विचारा.

बौद्ध म्हणून मात्र आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे. सतिपट्ठानात भगवंतांनी भिक्खूंना मृतदेहाची एकेक अवस्था बघायला सांगितली: एक दिवसाचा, दोन दिवसांचा, फुगलेला, निळा पडलेला. का? माझंही शरीर याच धर्माचं आहे हे कळावं म्हणून. आमांशाने स्वतःच्या घाणीत पडलेल्या, कुणीच विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः धुतलं आणि बाकीच्या भिक्खूंना खडसावलं. तिथे विटाळ नाही, प्रायश्चित्त नाही, आणि "हे काम अमक्याचं" असंही नाही. मृत शरीर अपवित्र नसतं. ते हाताळणारा तर नसतोच नसतो. जो धम्म आपण १९५६ ला घेतला त्यात सुतकाला जागा नाही, हे निदान आपल्या घरांत तरी पाळूया.

मागणी काय?

नुसता संताप उपयोगाचा नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिली गोष्ट, प्रत्येक महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यात या कामासाठी प्रशिक्षित पथक हवं. कायम नोकरी, लस, साधनं, विमा, आणि तंत्रज्ञाचा पगार. भरती खुल्या जाहिरातीने, सगळ्या जातींसाठी. इथे एक कडवट गोष्ट बोलावी लागेल. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ठेकेदारी सगळं गिळत असताना त्या कायम नोकऱ्यांचं रक्षण केलंच पाहिजे, त्यावर तडजोड नाही. पण वारसाने मिळणारा झाडू हेही एक वतनच आहे. जे काम नव्याने उभं राहतंय ते पहिल्या दिवसापासून वारशावर उभं करू नका. त्या वारसाला हवं तर क्लार्कची, तंत्रज्ञाची जागा द्या.

दुसरी गोष्ट, खाजगी ठेकेदाराला परवान्याशिवाय हे काम करता येऊ नये. बिलावर कामगाराची मजुरी वेगळी छापलेली असावी. काम देणारं कुटुंब किंवा सोसायटीही जबाबदार असावी. पैसे दिले म्हणजे हात झटकता येणार नाहीत.

तिसरी गोष्ट आपली. वस्तीतल्या पोरांना सांगा: मास्क, सूट, लस आणि लेखी दर नसेल तर त्या दारात पाऊल टाकायचं नाही. नाही म्हटल्यावर त्या दिवसाची चूल पेटेल याची सोय वस्तीतल्या मंडळाने करायची. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला दहावा हिस्सा त्याला पुरेल. आणि त्या वाल्मीकी, मातंग, रुखी पोरांना आपल्या बैठकीत बोलवा. त्यांना उपदेश नको, खुर्ची द्या.

शेवटी त्या आजोबांबद्दल. त्यांच्यावर माझा राग नाही. सहा दिवस ज्याची कुणी चौकशी केली नाही, तो माणूसही या व्यवस्थेतच एकटा मेला. त्यांच्या शेजाऱ्यांना सोवळं पाळता आलं, दार ठोठावता आलं नाही. आमच्या वस्तीत एका खोलीत सात माणसं राहतात, तिथे असं होत नाही. सकाळी नळावर म्हातारी दिसली नाही तर नऊ वाजेपर्यंत तीन बाया तिच्या दारात असतात. यात आमचा मोठेपणा नाही, जागाच कमी आहे. पण पेठेतल्या लोकांना आमच्याकडून काही घ्यायचंच असेल तर आमच्या पोरांचे हात नेऊ नका. ही दार ठोठावायची सवय घेऊन जा.

नमो बुद्धाय! जय भीम!